गाडीत पाईप सापडला, ड्रग्ज नाहीत. मग ‘पॅराफर्नेलिया’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा. एका गृहस्थांचा मुलगा टेक्सासमध्ये एमएस करतोय, एफ-१ व्हिसावर. गाडी त्याच्या नावावर असली तरी घरातली चौघं मुलं ती वापरतात. रात्री पोलिसांनी थांबवलं, झडती झाली. डॅशबोर्डच्या कप्प्यात काचेचा एक छोटा पाईप, वाळलेली पानं बारीक करायचा धातूचा ग्राइंडर, रोलिंग पेपरचं पाकीट आणि तळहाताएवढा डिजिटल वजनकाटा निघाला. अमली पदार्थ मात्र काहीच नाही. पोलिसाने ‘ड्रग पॅराफर्नेलिया बाळगणे’ असं तिकीट हातात दिलं आणि जायला सांगितलं. मुलगा म्हणतो, पाईप रूममेटचा आहे. वडील विचारतात: “यातली प्रत्येक वस्तू दुकानात उघड्यावर मिळते, मग गुन्हा कसला? आणि दंड फार तर पाचशे डॉलर आहे, तर भरून मोकळं व्हावं का?”

मी इथे बरीच वर्षं फौजदारी बचावाचं काम करते. असले खटले माझ्याकडे इतके येतात की वजनकाटा दिसला की मला आधी कोर्ट आठवतं, स्वयंपाकघर नंतर. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला मुदत आहे. इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलाशी बोलल्याशिवाय दंड भरू नका. कारण पुढे सांगते, पण ते समजायला पहिल्या प्रश्नातून जावं लागेल.

पहिल्या प्रश्नात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि जवळपास सगळेच ती धरतात: कुठेतरी बंदी घातलेल्या वस्तूंची यादी असणार, वस्तू यादीत असेल तर गुन्हा, नसेल तर नाही. गांजा किंवा कोकेनच्या बाबतीत हे बरोबर आहे, पदार्थांच्या खरंच याद्या आहेत. पॅराफर्नेलियाचं तसं नाही. इथे यादी आहे, पण ती उदाहरणादाखल. गुन्हा ठरतो तो वस्तू कशासाठी आहे यावर. तोच चमचा एकाच्या हातात चमचा असतो आणि दुसऱ्याच्या हातात पुरावा.

या शब्दाची कूळकथा मजेशीर आहे. मूळ ग्रीक, अर्थ ‘हुंड्याव्यतिरिक्तचं’. बायकोच्या स्वतःच्या मालकीचे कपडे, दागिने, चीजवस्तू यांना जुन्या युरोपीय कायद्यात पॅराफर्नेलिया म्हणत. म्हणजे आपल्या स्त्रीधनाचीच बहीण. पुढे अर्थ सैल होत ‘एखाद्या गोष्टीचा सगळा सरंजाम’ इथवर आला आणि विसाव्या शतकात हा शब्द ड्रग्जला जाऊन चिकटला. मराठीत याला नेमका शब्द नाही. मी अशिलांना ‘नशेचा सरंजाम’ म्हणते, लगेच कळतं.

हा सरंजाम कायद्यात आला तो १९७० च्या दशकात. तेव्हा अमेरिकेत पाईप, बॉन्ग (पाण्यातून धूर ओढायची नळी), कोकेनचे चिमुकले चमचे विकणारी ‘हेड शॉप’ गावोगाव होती. गावांनी आणि राज्यांनी आपापले बंदीचे नियम केले, आणि ते इतके मोघम होते की कोर्टात टिकेनात. मग १९७९ मध्ये डीईए या संघीय अमली पदार्थ यंत्रणेने राज्यांसाठी एक नमुना कायदा लिहून दिला. बहुतेक राज्यांनी तोच थोड्याफार फरकाने उचलला, टेक्सासनेही. त्यातली व्याख्या अशी: नियंत्रित पदार्थासाठी (म्हणजे कायद्याच्या यादीतल्या ड्रगसाठी) वापरलेली, वापरायचा हेतू असलेली किंवा त्यासाठीच घडवलेली कुठलीही वस्तू. ‘कुठलीही’ हा शब्द लक्षात ठेवा.

त्या व्याख्येखाली बारा प्रकार मोजले आहेत. मला ते पदार्थाच्या प्रवासाच्या क्रमाने सांगायला सोपे जातात. सुरुवातीला रोपं लावायचे संच, पदार्थ तयार करायचे संच, पदार्थाचा जोर वाढवायची उपकरणं. मग पदार्थ किती शुद्ध आहे ते तपासायची साधनं. मग वजनकाटे. मग भेसळीचा माल: क्विनाइन हायड्रोक्लोराइड, मॅनिटॉल, डेक्स्ट्रोज, लॅक्टोज ही नावं कायद्यातच लिहिलेली आहेत, आणि यातल्या शर्करा एरवी औषधांत आणि खाण्यातही असतात. काड्या-बिया वेगळ्या करायच्या चाळण्या, मिसळायची भांडी आणि चमचे, पुड्या बांधायला कॅप्सूल, फुगे, लहान पाकिटं. लपवायचे डबे. आणि शेवटी शरीरात घ्यायची साधनं: सिरिंज, पाईप, बॉन्ग वगैरे. आता ही यादी हातात घेऊन तुमच्याच घरात फिरून या. निम्मं स्वयंपाकघर त्यात बसेल. म्हणून तर हेतूला एवढं महत्त्व.

या यादीतल्या एका गोष्टीबद्दल मला राग आहे, तो इथेच काढते. तपासणीची साधनं पॅराफर्नेलिया ठरवली तेव्हा डोळ्यांसमोर माल पारखणारे विक्रेते होते. पुढे फेंटानिल हे अगदी थोड्या मात्रेतही जीव घेणारं कृत्रिम वेदनाशामक आलं. गोळीत ते मिसळलंय का हे सांगणारी कागदाची पट्टी एखाद्याचा जीव वाचवू शकते, पण त्याच जुन्या ओळीमुळे ती पट्टी खिशात असणंच गुन्ह्यात मोडू लागलं. अनेक राज्यांनी गेल्या काही वर्षांत कायदा बदलून पट्ट्या वगळल्या, पण सगळीकडे तसं झालेलं नाही. सिरिंजचंही तेच. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात १९८८ मध्ये सुया बदलून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून आरोग्य खातं एका हाताने देतं आणि पोलीस दुसऱ्या हाताने धरतात, ही ओढाताण चालूच आहे.

राज्यांच्या वर संघीय कायदा आहे. तो १९८६ मध्ये टपालाने होणाऱ्या विक्रीला आळा घालायला झाला आणि १९९० पासून अमेरिकी संहितेच्या एकविसाव्या भागात कलम ८६३ म्हणून आहे. त्यात पंधरा वस्तू नावानिशी आहेत. नाना जातींचे पाईप, पाण्याचे पाईप, सिगारेटचं जळतं थोटूक धरायचे चिमटे, एक दशांश घन सेंटिमीटरपेक्षा जास्त न मावणारे चमचे, तार घातलेले सिगारेटचे कागद. आणि हो, अकराव्या क्रमांकावर आपली चिलीम आहे, त्याच नावाने! चमच्याचं माप इतकं बारीक का, याला एक संदर्भ आहे. मॅकडोनाल्ड्सची कॉफी ढवळायची प्लास्टिकची काडी टोकाला चिमुकल्या चमच्यासारखी होती आणि लोक ती कोकेनसाठी वापरू लागले. शेवटी कंपनीने काडीचं टोक सपाट केलं. काडी घडवणाऱ्याच्या मनात कॉफीच होती. म्हणून कायदा ‘मुख्यतः त्यासाठी असलेली किंवा घडवलेली’ वस्तू म्हणतो, ‘त्यासाठी वापरता येईल अशी’ म्हणत नाही.

तुमच्या कामाचा मुद्दा असा की कलम ८६३ विक्री, टपाल वा आंतरराज्य वाहतूक आणि आयात-निर्यात यांबद्दल आहे. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण नुसतं जवळ बाळगणं त्यात नाही. बाळगण्याचा गुन्हा राज्याच्या कायद्यात असतो, आणि म्हणून राज्य बदललं की चित्र बदलतं. टेक्सासमध्ये हा क्लास सी, म्हणजे सर्वांत खालचा गुन्हा: पाचशे डॉलरपर्यंत दंड, तुरुंग नाही. कोलोराडोत शंभर डॉलरपर्यंत दंड. फ्लोरिडात तीच वस्तू एक वर्षापर्यंत तुरुंग आणि हजार डॉलर. मिनेसोटाने २०२३ मध्ये बाळगण्यावरचा गुन्हा काढूनच टाकला. एका राज्यात राहणाऱ्या मित्राचा अनुभव दुसऱ्या राज्यात कामाला येत नाही तो यामुळे.

“मग दुकानं कशी चालतात?” तंबाखूमुळे. परंपरेने तंबाखूसाठी असलेले पाईप, कागद आणि इतर सामान यांना संघीय कायद्यात सूट आहे. म्हणून दुकानात ‘फक्त तंबाखूसाठी’ अशी पाटी दिसते. पाटीने दुकानदार आपोआप सुटत नाही. इलिनॉयमधल्या हॉफमन इस्टेट्स गावाने अशा वस्तू विकायला परवाना सक्तीचा केला, तेव्हा फ्लिपसाइड नावाचं दुकान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८२ मध्ये न्यायालयाने गावाचा नियम वैध ठरवला. पुढे १९९४ च्या ‘पोस्टर्स एन थिंग्ज’ खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की विक्रेत्याच्या मनात काय होतं याचा शोध घ्यायची गरज नाही, सर्वसाधारण गिऱ्हाईक ती वस्तू कशाला वापरील हे बघायचं. विक्रेत्याला त्याची जाणीव होती एवढं मात्र सिद्ध करावं लागतं. जाहिरात कशी होती, वस्तू मांडली कशी होती, सोबत काय सूचना दिल्या, एकूण धंद्यात असल्या मालाचा वाटा किती, हे सगळं मोजलं जातं. २००३ मध्ये टॉमी चाँग या विनोदी नटाला टपालाने काचेचे बॉन्ग विकल्याबद्दल नऊ महिन्यांची कैद झाली ती याच कलमाखाली.

पण तुमचा मुलगा विक्रेता नाही. त्याच्यासारख्यांच्या बाबतीत टेक्सासचा कायदा म्हणतो: जाणूनबुजून किंवा हेतुपुरस्सर ती वस्तू वापरली, अथवा वापरण्याच्या हेतूने बाळगली. म्हणजे सरकारी पक्षाला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. वस्तू त्याच्या ताब्यात होती, आणि ती नियंत्रित पदार्थासाठी वापरायचा त्याचा हेतू होता. चौघं वापरत असलेल्या गाडीत पहिली पायरीच डळमळीत असते. गाडी त्याच्या नावावर आहे हे त्याच्या विरुद्ध जातं, पण नुसती वस्तूशेजारची उपस्थिती पुरत नाही, त्याला वस्तूशी जोडणारे धागे दाखवावे लागतात. पाईप कुठल्या सीटजवळ होता, कप्प्याला कुलूप होतं का, सोबत त्याची काही कागदपत्रं होती का, गाडीत वास होता का, तो काय बोलला. शेवटचं सगळ्यांत घातक. माझ्याकडच्या निम्म्या प्रकरणांत हेतूचा पुरावा माझ्या अशिलानेच रस्त्याच्या कडेला, मदत करायच्या भावनेने, पोलिसाला तोंडी दिलेला असतो.

चार वस्तू सुट्या बघा. रोलिंग पेपर एकटे असतील तर तंबाखूचा बचाव भक्कम. ग्राइंडर एकटा असेल तर तोही चालून जातो. पाईपचा प्रश्न त्यात काय चिकटलंय यावर. वजनकाटा एकटा निरुपद्रवी. पण चौघं एका कप्प्यात आले की एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. वजनकाट्याशेजारी रिकाम्या छोट्या पिशव्यांची चळत असती तर वकिलाचा चेहरा आणखी उतरला असता, कारण मग विषय ओढण्याचा राहत नाही, विकण्याचा होतो. तशा पिशव्या होत्या का, हे मुलाला विचारा. आणि हेही विचारा की यातलं काही त्याने कुणाला दिलं का. असा सरंजाम दुसऱ्याला पुरवणं टेक्सासमध्ये क्लास ए गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत तुरुंग आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड. मित्राला पाईप दिला, एवढंसुद्धा त्यात ओढलं जाऊ शकतं.

आता चिकटलेल्या राखेबद्दल, म्हणजे अवशेषाबद्दल. ‘ड्रग्ज सापडले नाहीत’ असं तुम्ही लिहिलंत, पण पाईप प्रयोगशाळेत गेला का? टेक्सासमध्ये गांजाचा गुन्हा व्हायला वापरण्याजोगं प्रमाण लागतं, पाईपला लागलेली काजळी सहसा त्यात बसत नाही. पण पाईपमध्ये मेथ (मेथॲम्फेटामाइन) किंवा कोकेनचा अंश निघाला तर तोच अंश ‘एक ग्रॅमपेक्षा कमी’ म्हणून फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, होऊ शकतो: १८० दिवस ते दोन वर्षं कैद. व्हेप पेन हलकी गोष्ट समजणारी मुलं इथेच फसतात. टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा, अर्क टेक्सासच्या कायद्यात गांजात मोजत नाहीत, थोडासा असला तरी तो फेलनी ठरतो. पाईप बाळगलेला मुलगा तिकीट घेऊन घरी येतो आणि शेजारच्या सीटवरचा व्हेपवाला तुरुंगात रात्र काढतो, हे मी पाहिलंय. एक टोकाचं उदाहरण सांगते. मिनेसोटात बॉन्गमधलं ३७.१७ ग्रॅम पाणी मेथचं ‘मिश्रण’ धरावं की नाही, हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००९ मध्ये न्यायालयाने ‘धरावं’ म्हटलं, आणि सरंजाम एका रात्रीत पहिल्या दर्जाचा ड्रग गुन्हा झाला.

आता दंड का भरू नये ते. टेक्सासमध्ये तिकिटाची रक्कम भरणं म्हणजे दोषसिद्धी स्वीकारणं. नागरिकासाठी ती पाचशे डॉलरची कटकट आहे. तुमच्या मुलासाठी नाही. इमिग्रेशन कायद्यात ‘नियंत्रित पदार्थाशी संबंधित’ दोषसिद्धी हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे, आणि तिथे गुन्हा क्लास सी आहे की क्लास ए याने फरक पडतोच असं नाही.

याचा सगळ्यात बोलका खटला एका पायमोज्याचा आहे. कॅन्ससमध्ये मूनेस मेलूली या ट्युनिशियाच्या, ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं. कोठडीत झडती घेतली तर मोज्यात ॲडेरॉल या उत्तेजक औषधाच्या चार गोळ्या. तडजोडीत त्याने पॅराफर्नेलियाचा छोटा गुन्हा कबूल केला. पॅराफर्नेलिया कुठला? मोजा. पदार्थ लपवायचं साधन! शिक्षा स्थगित, वर्षभर देखरेख. आणि मग त्या मोज्यापायी त्याला देशाबाहेर काढण्यात आलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचं म्हणणं असं की हद्दपारीसाठी संबंध संघीय यादीतल्या पदार्थाशी दिसायला हवा. कॅन्ससच्या यादीत किमान नऊ पदार्थ असे होते जे संघीय यादीत नव्हते, आणि त्याच्या दोषसिद्धीत पदार्थाचं नावच नव्हतं. तो जिंकला, पण तोवर त्याला बाहेर काढून तीन वर्षं झाली होती.

यातून तुमच्या मुलाला काय मिळतं? एक बचाव मिळतो, हमी नाही. राज्याची यादी संघीय यादीशी ताडून पाहावी लागते आणि तिकिटावर वा कबुलीत पदार्थाचं नाव आलंय का ते बघावं लागतं. तीस ग्रॅम किंवा कमी गांजा स्वतःसाठी एकदाच बाळगला तर हद्दपारीतून सूट आहे, आणि त्याच घटनेतल्या पाईपलाही ती लागू होऊ शकते असं इमिग्रेशनच्या अपील मंडळाने २०१२ मध्ये म्हटलं. पण देशाबाहेर जाऊन परत येताना वेगळं कलम लागतं, तिथे अशी आपोआप सूट नाही. म्हणून हे मिटेपर्यंत त्याने भारतात यायचं तिकीट काढू नये, बहिणीचं लग्न असलं तरी. एखाद्या राज्यात गांजा कायदेशीर आहे याचाही इथे उपयोग नाही, संघीय कायद्यात तो नियंत्रित पदार्थच आहे.

कोर्टातला कुणी भला माणूस म्हणेल, ‘डिफर्ड’ घ्या, म्हणजे निकाल लांबणीवर टाकायची तडजोड करा, काही महिने नीट वागा, केस रद्द होईल. नागरिक अशिलाला मी हेच सांगते. परदेशी विद्यार्थ्याला लगेच सांगत नाही. इमिग्रेशन कायद्याची दोषसिद्धीची व्याख्या वेगळी आहे: गुन्हा कबूल केला किंवा ‘नोलो’ (कबूल नाही, पण विरोधही नाही) म्हटलं, आणि न्यायाधीशाने दंड किंवा कुठलंही बंधन घातलं, एवढ्यात ती पूर्ण होते. राज्याच्या दप्तरात केस रद्द झाली तरी संघीय दप्तरात ती उभी राहू शकते. आम्हाला हवं असतं ते कबुलीशिवाय मिटणं: सरकारी वकिलाने केस मागे घेणं, किंवा तीच घटना ड्रग्जचा उल्लेख नसलेल्या दुसऱ्या किरकोळ कलमाखाली आणणं. पहिल्यांदाच सापडलेला विद्यार्थी असेल तर हे पुष्कळदा जमतं. किती जमेल ते त्या कोर्टावर, सरकारी वकिलावर आणि झडती कायदेशीर होती का यावर अवलंबून आहे. झडतीला मुलाने ‘हो’ म्हटलं होतं का, हे त्याने आत्ताच, आठवण ताजी असताना, स्वतःच्या वकिलासाठी लिहून ठेवावं.

वकील निवडताना सरळ विचारा: माझ्या मुलाच्या व्हिसावर याचा काय परिणाम होईल? कबुलीने हद्दपारीचा धोका असेल तर तो अशिलाला सांगणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या पडिया खटल्यात ठरवलंय. “ते माझं क्षेत्र नाही” म्हणून कुणी विषय संपवला, तर दुसरा बघा किंवा सोबत इमिग्रेशनचा वकील घ्या.

रूममेटबद्दल. “तो लिहून देईल की पाईप माझा आहे” असं मुलगा म्हणत असेल. रूममेटही परदेशी विद्यार्थी असेल तर त्या चिठ्ठीने तुमच्या मुलाचं संकट त्याच्या गळ्यात जाईल, आणि कुठलाही बरा वकील त्याला सही करू देणार नाही. त्याला स्वतःचा वकील हवा. या दोघांनी व्हॉट्सॲपवर हा विषय बोलणं आजपासून बंद करावं, पण झालेले मेसेज पुसू नयेत, पुसणं हा वेगळा गुन्हा होऊ शकतो.

आणि तिकिटावर हजर राहायची तारीख छापलेली असते. दंड भरू नका म्हणजे तिकीट खणात टाका असं नाही. ती तारीख चुकली तर वॉरंट निघतं, आणि मग जो मुलगा तिकीट घेऊन घरी आला होता त्याला बेड्या घालून नेतात. तारीख जवळ असेल तर वकील पत्र देऊन ती पुढे ढकलून घेतो, ते अगदी रोजचं काम आहे. आज मुलाकडून तिकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो मागवून घ्या. त्यात कुठलं कलम लिहिलंय आणि पदार्थाचं नाव आलंय का, एवढं कळलं की पुढचं बोलता येईल.